विहिरीचा वास

४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज सकाळी विहिरीतून बादली वर ओढली, तर पाण्यावर सात रंग! खरंच सात. मोरपिसाच्या डोळ्यासारखे, एकात एक गुंतलेले. बादली हलली की पळत, थांबली की पुन्हा गोळा होत. मी कठड्याला टेकून बघतच राहिलो. लहानपणी खडवलीच्या शाळेत गुरुजी इंद्रधनुष्याची कविता चालीवर म्हणून घेत, तेव्हा खरं इंद्रधनुष्य बघायला ऊन-पावसाची गाठ पडायची वाट बघावी लागे. आज ते कोपरला, आमच्या मंजिरी सोसायटीच्या मागच्या अंगाला, आपण होऊन बादलीत उतरलं. तिथल्या तिथे चार ओळी सुचल्या:

आभाळातुन खाली आले
दमले-भागले रंग सगळे;
विहिरीवरती पाणी प्याले,
बादलीत मग झोपी गेले.

मालनला हाक मारली. ती आली, बादलीवर वाकली, पदर नाकाला लावला आणि सगळं पाणी गटारात ओतून दिलं.

"अगं, रंग तरी बघ!"

"बघितले. या पाण्यानं झाडं भिजवू नका."

इतक्या वर्षांच्या संसारात या बाईनं माझी एकही कविता शेवटपर्यंत ऐकलेली नाही, तिथे इंद्रधनुष्याचं काय घेऊन बसायचं! ती वर गेल्यावर मी दुसरी बादली काढली आणि मोगऱ्याला घातलीच.

मोगऱ्याचं तरी काय राहिलंय म्हणा. यंदा भरभरून फुलला, पण वास नाही. दोन-तीन वर्षं हेच चाललंय. हापूसला वास नाही, कोथिंबिरीला नाही, नव्या तांदळाला नाही. कोरं पुस्तक उघडून नाक खुपसलं, तर तेही नुसताच कागद. आमच्या वेळी भाताचा वास गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहायचा आणि माणसाला हाताला धरून घरी न्यायचा. काळानं सगळ्याचा वास काढून घेतला, दुसरं काय.

९ ऑक्टोबर, बुधवार

जिन्याखालच्या फळ्यावर नोटीस लागली: "विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास येत आहे. कोणीही पाणी वापरू नये." सही सुदेशची. सुदेश आमचा सेक्रेटरी, तिसऱ्या मजल्यावरचा. पोरगा वाईट नाही, पण त्याची गाडी रस्त्यावर उभी असते आणि दर महिन्याला तिला कोणीतरी ओरखडा काढतं. तेव्हापासून त्याचा डोळा विहिरीच्या जागेवर आहे. विहीर बुजवली की तिथे गाड्या लागतील, हे त्यानं मागच्या सभेत बोलूनही दाखवलं होतं. आता भिंतीपलीकडे पेट्रोल पंप आहे, त्याच्या टाक्या जमिनीत पुरलेल्या आहेत, म्हणजे निमित्त आयतंच.

मी स्वतः उतरून पाहिलं. ही विहीर इथल्याच म्हाताऱ्या आवडाबाईच्या सासऱ्यानं खणली. आमची इमारत उभी आहे ते सगळं त्यांचं भाताचं शेत होतं. जमीन देताना त्या आगरी कुटुंबानं एकच अट घातली होती, की बाव बुजवायची नाही. सात पायऱ्या उतरलं की पाण्याच्या जरा वर दगडी कोनाडा आहे आणि त्यात शेंदूर लावलेले सात गोटे. त्या सात आसरा, पाण्यातल्या देवता. त्रिपुरी पौर्णिमेला तिन्हीसांजेला त्यांच्यापुढे दिवा लागतो. आवडाबाईचे गुडघे गेल्यापासून तिच्या वतीनं तो मी ठेवतो.

शेवटच्या पायरीवर बसून मी छाती भरून श्वास घेतला. वास नाही. दगड गार, पाणी शांत. मग सुदेशचा डाव काय ते समजलोच.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

सोनं वाटलं. ठाण्याला टेंभी नाक्याजवळच्या कचेरीत होतो तेव्हा दसऱ्याला देवीच्या गर्दीतून वाट काढत घरी यायचो आणि झेंडूचा वास शर्टाला दोन दिवस चिकटून राहायचा. आता झेंडूही मुका.

मालन हल्ली फार माया करते. मला स्वतःचा चहा करू देत नाही. गॅसपाशी गेलो की, "तुम्ही बसा, मी आणते." दुधाचा पेला माझ्या हाती देण्याआधी स्वतः हुंगते. काल रात्रीची आमटी होती, तीही हुंगली आणि मग माझ्या ताटात वाढली. राजाच्या ताटातलं आधी चाखून बघणारी माणसं असत, तसं वाटलं. म्हटलं, "राणीसाहेब, विषाची शंका आहे काय?" तर म्हणाली, "गप्प जेवा."

उतारवयात प्रेम असं वळण घेतं.

२० ऑक्टोबर, रविवार

सोसायटीची खास सभा. पंपाचे मालकही बोलावले होते. प्रदूषण खात्याकडे तक्रार करायची की नाही, हा विषय.

सुदेश म्हणाला, "काका, शेंबड्या पोरालाही वास येतो. तुम्हालाच कसा येत नाही?"

"शेंबड्या पोराला तू सांगितलंस म्हणून येतो."

तळमजल्यावरची वैशाली म्हणाली, "अहो विशेकाका, माझ्या बाथरूमच्या जाळीतून येतो. डोकं धरतं."

"उदबत्ती लावत जा," मी म्हणालो.

मग मी उभा राहिलो आणि जे वाटत होतं ते बोललो. मी रोज त्या विहिरीवर असतो, पायऱ्या उतरून मी स्वतः हुंगलं आहे, तिथे वास नाही. जी विहीर तहान भागवत आली तिच्यावर आळ घेऊन तिला मारू नका. शेवटी दोन ओळीही म्हणणार होतो, पण सुदेश हात जोडून म्हणाला, "काका, प्लीज, मीटिंगमध्ये कविता नको." तरी बोलण्याचा परिणाम झाला. पंपाचे मालक म्हणाले, "बघा, एवढे बुजुर्ग माणूस स्वतः सांगतायत." तक्रार पुढे ढकलली.

मालन कोपऱ्यात बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. अभिमानानं डोळे भरले असावेत.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

पंपाच्या मालकांनी पेढे पाठवले. किती सुसंस्कृत माणूस! पेढ्यांना वेलचीचा वास मात्र नव्हता. तसं म्हणालो, तर मालन म्हणते, "वेलची आहे हो. पण मला नको. लाचेचे पेढे माझ्या घशाखाली उतरत नाहीत."

सौजन्यालाही ही बाई लाच म्हणते. मी तीन खाल्ले.

१ नोव्हेंबर, शुक्रवार. लक्ष्मीपूजन

मोगरा गेला. पानं आधी पिवळी झाली, मग एका बाजूनं जळाल्यासारखी. रोज विहिरीचं पाणी देत होतो तरी. त्याचंही वय झालं असेल.

संध्याकाळी आवडाबाई करंज्या घेऊन आली आणि खाली बाकावर बसली. नव्वदीला टेकली तरी आवाज खणखणीत.

"काय रं भिवाजी, माजी नात बोलते बावीन पेट्रोल हाय. तू काय बोलतंस?"

"नाही आवडाबाई. मी स्वतः हुंगलंय."

"मंग बरा. तू शिकलेला मानूस. माजे गुडघे नाय ऐकत, नाय तं मीच उतारली असती. पन ऐक, वास आयला तं दिवा नको ठेवू. आसरांना उजेड पायजे, आग नको."

"वास नाही म्हणून तर ठेवणार," मी म्हणालो.

मालन जिन्यात उभी राहून ऐकत होती.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार. त्रिपुरी पौर्णिमा, दुपार

आज दिवा. नवं निरांजन घासून ठेवलं, वात वळली. घरातली एकही काड्यापेटी सापडत नाहीये. मालन म्हणते, संपल्या. सणाच्या दिवशी संपल्या म्हणजे काय! असो. देवघरात सकाळची समई तेवते आहे, तिच्यावरून पेटवून घेईन.

१६ नोव्हेंबर, शनिवार

काल जे झालं ते आज लिहितो आहे.

तिन्हीसांजेला मालन स्वयंपाकघरात होती. मी समईवरून निरांजन पेटवलं, तळव्याचा आडोसा केला आणि खाली गेलो. विहिरीला सुदेशनं हिरवी जाळी बांधली होती, ती एका हातानं बाजूला सारली. आवडाबाई बाकावर बसून हात जोडत होती. मी पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं, इतक्यात मागून "अहो, थांबा!" अशी हाक आली. मला वाटलं, हिलाही दिवा बघायचा असेल. मालन अनवाणी धावत आली आणि तिनं चिमटीत वात धरून विझवली.

त्रिपुरीचा दिवा. जी बाई फुंकर मारून कधी दिवा विझवत नाही, पदरानंही नाही, तिनं.

माझं मनगट धरून तिनं मला कठड्यापासून ओढत अंगणात आणलं. तिच्या बोटांना फोड आला होता. आवडाबाई तोंडावर हात ठेवून बसली होती. मी रागानं जिना चढलो. घरी आल्यावर मालन म्हणाली, "बसा. डोळे मिटा."

"हा काय पोरखेळ?"

"मिटा म्हणते ना."

मिटले. तिनं नाकापाशी काहीतरी धरलं. "काय आहे?"

"काही नाही."

"आता?"

"काही नाही."

"आणि आता?"

"अगं, रिकाम्या डब्या काय हुंगवतेस मला?"

"उघडा डोळे."

समोर ओळीनं हिंगाची डबी, कापूर आणि निलगिरीच्या तेलाची बाटली. तिन्हींची झाकणं उघडी होती.

मी हिंगाची डबी उचलून नाकाला टेकवली. हिंग! खडवलीला आमच्या शेजारी फोडणी पडली की आम्ही वर्गात बसून सांगायचो, आज कुणाकडे काय शिजतंय. काहीच आलं नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तो ताप आला होता ना तुम्हाला, तीन वर्षांपूर्वी. त्यानंतर. एकदा तुम्ही गॅस उघडा ठेवून पेपर वाचत बसला होता. घरभर वास. तेव्हा माझ्या लक्षात आलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

ती फोडाला तूप लावत होती. "तुम्ही रोज म्हणायचा, कशालाच वास राहिला नाही, काळच तसा आला. मला वाटलं, काळावर रागावले आहेत तोवर बरे आहेत. स्वतःवर रागावले तर आवरणार कोण? विहिरीचंही मी आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. चुकले मी. खाली वाफ साठलेली असते, पायऱ्यांपर्यंत. दिवा घेऊन आणखी चार पायऱ्या उतरला असतात तर..."

मी तिचा हात धरला, फोड नसलेला.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

डॉक्टर म्हणाले, काहींचा वास परत येतो, काहींचा नाही. इतक्या उशिरा आशा कमी.

म्हणजे तीन वर्षं मोगरा दरवळत होता आणि मी त्याला नावं ठेवत होतो. शेवटी विष पाजून मारलं बिचाऱ्याला. आज त्याच्या कुंडीपाशी जाऊन उभा राहिलो.

२४ नोव्हेंबर, रविवार

मीच सुदेशला सभा बोलवायला लावली. मी उभा राहिलो तसा तो म्हणाला, "काका, कविता नको हां."

"कविता नाही. माफी मागायची आहे."

मग सांगितलं. मला वास येत नाही, कशाचाच येत नाही, आणि हे मला आठवड्यापूर्वीच कळलं. मागच्या सभेत दिलेला शब्द मी परत घेतो. वैशालीला म्हणालो, "उदबत्ती लाव म्हणालो, ते फार चुकलं. बरं झालं माझं ऐकलं नाहीस." पंपाच्या मालकांना म्हणालो, "पेढे खाऊन झाले, ते काही परत करता येणार नाहीत. पण तक्रार आजच जाईल."

कोणी हसलं नाही. सुदेश जागेवरून उठला आणि त्यानं मला पाणी आणून दिलं.

पुढे विहिरीचा प्रश्न निघालाच. अर्ध्या सभेचं म्हणणं, एकदा नासलेलं पाणी कशाला सांभाळायचं, भराव टाका. तेवढ्यात दारातून आवाज आला. नातीच्या खांद्याला धरून आवडाबाई उभी होती.

"पुढले त्रिपुरीपरयंत थांबा. तवा आसरांपुढं दिवा लागला तं बाव ऱ्हाईल. नाय लागला तं मीच पयली पाटी ओतीन."

तसा ठराव झाला. एक वर्ष. पाणी साफ झालं नाही तर विहीर बुजणार. आणि दोष खात्याचा नाही, पंपाचा नाही, निदान एका महिन्याच्या उशिरापुरता तरी माझाच.

१८ डिसेंबर, बुधवार

पंपाची टाकी रिकामी करून तपासली. टाकीच्या खालच्या जोडातून गळती होती, कोण जाणे कधीपासून. खात्याच्या हुकुमानं टाकी उकरून काढली आणि सफाईचं काम एका कंपनीकडे दिलं. खर्च पंपाकडे. कंपनीची मुलगी आज आली. दक्षता नाव, कळव्याची, स्कूटरवरून उतरली तरी हेल्मेट काढायची विसरते. चुणचुणीत आहे.

"काका, विहिरीचं म्हणजे नुसतं विहिरीचं नसतं. खाली सगळ्या जमिनीत पाणी भरलंय. पेट्रोल हलकं, ते त्याच्यावर साय धरल्यासारखं पसरतं. साय आधी काढायची, मग दूध."

"आणि किती दिवस लागतील?"

"ते जमीन सांगेल."

असं बोलणारी मुलगी हल्ली मिळत नाही.

९ जानेवारी, गुरुवार

अंगणात चार ठिकाणी बोअर मारले आहेत. आज दक्षतानं एका बोअरमधून काचेसारखी नळी भरून वर काढली. खाली पाणी आणि त्याच्यावर बोटभर जाडीचा पिवळसर थर, मधासारखा चमकणारा.

"हेच ते?" मी विचारलं.

"हेच ते. दिसतं किती छान ना?"

मला बादलीतले सात रंग आठवले. त्या रंगांवर मी कविता केली होती, हे तिला सांगितलं. ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "म्हणा ना ती कविता." पूर्ण ऐकली. शेवटपर्यंत. मालन दारात उभी राहून तिला खुणेनं "नको, नको" करत होती.

११ मार्च, मंगळवार

वरचा थर जवळजवळ उपसून झाला. आता पाणी पंपानं ओढून कोळशाच्या मोठाल्या पिंपांतून गाळतात. दुसऱ्या बाजूनं बारीक पाइपांतून जमिनीत हवा सोडतात. हवा कशाला, असं विचारलं तर दक्षता म्हणाली, "मातीत जंतू असतातच काका. ते पेट्रोल खातात. पण खायला बसायचं तर त्यांना श्वास हवा. आपण फक्त श्वास द्यायचा."

हे मला फार आवडलं. ब्लोअरची घरघर दिवसभर चालू असते आणि लोक वैतागतात. मला मात्र ती आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्या कोणाच्या तरी श्वासासारखी वाटते.

मी आणि मालननं एक नवा नेम धरला आहे. रोज संध्याकाळी ती कठड्यापाशी जाते आणि मला वास सांगते. पहिल्या दिवशी म्हणाली, "स्टोव्हला पिन मारली की भपकन यायचा, तसा." पंधरवड्यापूर्वी म्हणाली, "दारांना नवा रंग देऊन आपण गावाला गेलो होतो ना, परत आल्यावर कुलूप उघडताना आला होता, तसा." आणि आज: "एसटीच्या शेवटच्या बाकासारखा. उलटी होईल की नाही, असं वाटायला लावणारा."

मी जन्मभर उपमा शोधत फिरलो आणि ही बाई डाळ निवडता निवडता देते! तसं म्हणालो तर, "उपमा उद्या करीन, रवा आणा आधी," म्हणाली.

२ मे, शुक्रवार

आकडे उतरताहेत. मालनचा आजचा वास: "कंडक्टरनं दिलेली सुट्टी नाणी मुठीत धरून ठेवल्यावर हाताला येतो, तसा."

ती सांगते तेव्हा तो मला जवळजवळ येतो. जवळजवळच. पण येतो.

१६ जुलै, बुधवार

वाईट दिवस. पावसानं जमिनीतलं पाणी वर चढलं आणि विहीर तुडुंब झाली. मालन कठड्यापासून परत आली आणि म्हणाली, "आज कालच्यापेक्षाही कमी आहे." मी खुशीत होतो. दुपारी दक्षतानं मापलं तर आकडे मार्चपेक्षा वर.

"असं होतं काका," ती म्हणाली, पण तिचाही चेहरा उतरला होता. "वरची कोरडी माती पेट्रोल धरून बसलेली होती. पाणी तिथपर्यंत चढलं की ते सुटतं. चार महिन्यांत उतरेल की नाही, खरं सांगायचं तर मला माहीत नाही. आणखी पाइप टाकते, हवा वाढवते."

मग मला आठवलं. सकाळी "कमी आहे" म्हणताना मालनचा पदर नाकावर होता. गेल्या ऑक्टोबरमध्ये बादलीवर वाकली होती तेव्हाही होता. तिला काही बोललो नाही. यापुढे तिच्या शब्दांकडे नको, पदराकडे लक्ष ठेवायचं.

सुदेश टेप घेऊन अंगणात काहीतरी मोजत होता. गाड्यांची जागा, आणखी काय.

३० जुलै, बुधवार

सुदेशबद्दल मागे जे लिहिलं त्याबद्दल माफी. आज मुसळधार पावसात वीज गेली आणि ब्लोअर बंद पडला. खिडकीतून बघतो तर सुदेश छत्री काखेत मारून जनरेटरची वायर ओढतोय. सोसायटीचा जनरेटर, लिफ्टचा. लिफ्ट बंद ठेवून त्यानं ब्लोअर चालू केला. मग भिजलेल्या अंगानं तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढत गेला. जिन्यात गाठून विचारलं, "अरे, तुला तर विहीर बुजवायची आहे ना?"

"बुजवायची ती ठरावानं, काका. लाइट गेली म्हणून नाही." मग म्हणाला, "माझ्या मुलीला पोहायला विहिरीतच शिकवायचं म्हणते आवडाआजी. बघू." टेप कशाला होता ते तेव्हा कळलं. तो जाळीऐवजी लोखंडी दार बसवायचं माप घेत होता.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

आकडे पुन्हा उतरू लागलेत. गेले दोन महिने पदर खांद्यावर आणि नाकावर असा येऊन-जाऊन होता. आज मालन कठड्यावर बराच वेळ वाकून राहिली. पदर अर्ध्यावर. म्हणाली, "नीट लक्ष दिलं तरच येतो. ओल्या पाटीसारखा. शाळेत आपण पाटी पुसायचो ना थुंकी लावून, तसा."

"अगं, तुम्ही मुलीसुद्धा थुंकीच लावायच्या?"

"मग काय अत्तर?"

मी तिला खडवलीच्या शाळेतली पाटीची गोष्ट सांगितली आणि एक कविताही म्हटली. चालीवर. शेवटपर्यंत थांबली. झेंडूच्या माळा ओवत होती म्हणून असेल.

५ नोव्हेंबर, बुधवार. त्रिपुरी पौर्णिमा

दुपारी दक्षतानं शेवटचं मापलं. पायऱ्यांवर, कोनाड्यापाशी, अगदी पाण्याला टेकवून. वाफ मोजायचं यंत्र हातात घेऊन ती तळाशी उभी राहिली आणि वर आम्ही सगळे कठड्यावर वाकलो. मग तिनं हेल्मेट काढलं. आज विसरली नाही.

"झीरो. तिन्ही ठिकाणी. सलग तिसऱ्या आठवड्यात." वर येऊन म्हणाली, "प्यायचं नाही हां काका, अजून बरेच महिने नाही. पाण्याचे नमुने नेतच राहणार. झाडांना चालेल. आणि दिवा चालेल."

सुदेशनं लोखंडी दाराचं कुलूप उघडलं. आवडाबाईला खुर्चीसकट उचलून कठड्यापाशी आणलं. वैशालीनं रांगोळी काढली. मी नवं निरांजन घेतलं आणि पायरी उतरणार, तोच मालन म्हणाली, "थांबा. आधी मी."

तिच्यामागे मी उतरलो. शेवटच्या पायरीवर ती बसली, एका हातानं कोनाडा धरला आणि पाण्यावर वाकली. मी तिच्या पदराकडे बघत होतो. पदर खांद्यावर होता. तिथेच राहिला. तिनं ओंजळीत पाणी घेतलं, नाकाशी नेलं, डोळे मिटले. मीही तिच्या ओंजळीवर वाकलो.

वरून आवडाबाईनं हाक दिली, "काय रं, वास कसा हाय?"

आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "कसलाच नाही!"

मागच्या दिवाळीत बाकावर बसून मी तिला हेच सांगितलं होतं. यंदा ते खरं होतं.

मालननं हात पुसले. मग कमरेला खोचलेली काड्यापेटी काढून माझ्या हातात दिली.